वरच्या मजल्यावर झोपलेल्यांसाठी

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, दाणा बाजारात, तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती. धूर पोचला होता. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, पूर्णानगरमध्ये, हार्डवेअरच्या दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातले चौघं गेले. नंतर ६ ऑक्टोबर २०२४ ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत सात जण. तिन्ही वेळा पहाट, तिन्ही वेळा खाली दुकान आणि तिथंच किंवा वर बिऱ्हाड.

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात बाजाराच्या रस्त्यावर अशी घरं ओळीनं आहेत. खाली शटर, आत माल, मालाच्या मागून अंधारा जिना, वर दोन-तीन खोल्या आणि डोक्यावर पत्रा. माझे मामा इथं वायरिंगची कामं करतात आणि इलेक्ट्रिकचं दुकान चालवतात; दुकान खाली, घर वर. मी पुण्यात घरगुती उपकरणांच्या डिझाइनचं काम करते. त्यांच्या जिन्यावर लावायला म्हणून एक स्मोक डिटेक्टर घेऊन गेले होते. त्यांनी तो लावू दिला नाही. त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथं देते आहे, कारण मामांइतके नेमके आक्षेप मी आमच्या कुठल्याच बैठकीत ऐकले नव्हते. माझं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही.

मामा : हे तुझं यंत्र आमच्या घरात आठ दिवस टिकायचं नाही. नांदेडला एका लॉजवर मी कामाला गेलो होतो. खोलीखोलीत छताला हेच होतं, आणि दर एकावर कॅरीबॅग चढवून रबर लावलेलं. का, तर गिऱ्हाईक बिडी ओढतं आणि ते बोंबलतं. मॅनेजरनंच बांधायला लावलेलं.

मी : मग त्यात चूक कुणाची?

मामा : बांधणाऱ्याची. दुसऱ्या कुणाची?

मी : मला तसं वाटत नाही. माणसं एखाद्या वस्तूचं तोंड बांधतात तेव्हा ती वस्तू त्यांच्या रोजच्या जगण्यात अडथळा आणत असते. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास दहांतल्या एका घरातही हे यंत्र नव्हतं. आज जवळपास प्रत्येक घरात आहे. तरी तिथं घरच्या आगीत मरणाऱ्या दर पाचांपैकी जवळपास तिघं अशा घरांतले असतात, जिथं यंत्र नव्हतं किंवा असून चालत नव्हतं. न चालण्याचं मोठं कारण म्हणजे बॅटरी काढून ठेवलेली किंवा संपलेली. बॅटरी काढतात, कारण ते स्वयंपाकाला वाजतं. तिथल्या लोकांनाही हेच सुचलं, जे तुमच्या नांदेडच्या मॅनेजरला सुचलं.

मामा : म्हणजे पन्नास वर्षं झाली आणि अजून फोडणी अन् आग यातला फरक त्याला कळंना?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबते. मामांनी तेवढ्यात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डिटेक्टरचं झाकण उघडलंसुद्धा. आत काळ्या प्लास्टिकची एक वाटोळी डबी, तिच्या कडेनं वाकड्या पट्ट्यांची रांग आणि बाहेरून बारीक जाळी. मामांनी डबी डोळ्याशी धरली. पट्ट्या अशा वाकवलेल्या की हवा आत जावी, पण उजेड जाऊ नये. आत एका बाजूला छोटी एलईडी आणि तिच्या समोर नाही, तर तिरक्या कोनात उजेड ओळखणारा डोळा. एरवी एलईडीचा उजेड त्या डोळ्यावर पडतच नाही. धुराचे कण आत आले की उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, थोडा त्या डोळ्यात शिरतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या जातीच्या यंत्रात अमेरिशियम नावाच्या किरणोत्सर्गी धातूचा अगदी सूक्ष्म कण असतो; त्यानं हवेतून बारीकसा प्रवाह चालू ठेवलेला असतो आणि धूर आला की तो कमी होतो. ते यंत्र भडकलेल्या ज्वाळेला लवकर ओळखतं, पण तापलेल्या तेलाच्या वाफेलाही तितक्याच लवकर बिचकतं. उजेडाचं यंत्र धुमसणाऱ्या आगीला चांगलं. मी नेलेलं होतं ते उजेडाचं.

मामा : ह्या जाळीत आमच्याकडं महिन्याभरात कापसाची कुसं बसतील. पावसाळ्यात चिलटं. मग?

मी : मग ते उगीच वाजेल, नाहीतर आंधळं होईल. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की व्हॅक्यूम क्लीनरनं बाहेरून साफ करा आणि उघडू नका.

मामा : व्हॅक्यूम क्लीनर! राणीसावरगावात किती घरात असंल? त्यापेक्षा ही डबी अशी करा की फिरवली की हातात यावी, दाढीच्या ब्रशनं झाडावी अन् परत बसवावी. चुकीची बसली तर झाकणच लागू नये, म्हणजे डबी बाहेरच राहायची भीती नाही.

हे मी वहीत लिहून घेतलं. इतक्यात मामी वर आल्या. त्या दिवशी ठेचा होता. तव्यावर हिरव्या मिरच्या पडल्या आणि आम्ही तिघंही खोकायला लागलो.

मामी : हे रोजचं आहे. गॅस आहे तरी भाकरीला मी मागं चूलच पेटवते. शुक्रवारी ऊद जाळते. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो देवापुढं, त्याची काजळी वेगळी. ते वाजलं की मी काय करायचं? स्टुलावर चढायचं?

मी : स्वयंपाकघरात हे लावायचंच नाही, मामी. चुलीपासून किमान तीन मीटर लांब. आणि थोडा वेळ गप्प करायचं बटण असतं. दाबलं की आठ-दहा मिनिटं ते आपली संवेदनशीलता कमी करतं आणि मग आपोआप पूर्ववत होतं. बॅटरी काढायची गरज नाही.

मामी : बटण कुठाय?

बटण होतं, करंगळीच्या नखाएवढं, बाकीच्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये पांढरंच, आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मामींनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, ‘हे मला काठीनं दाबता आलं पाहिजे. एवढंसं कसं दाबू?’ घरात ज्या बाईला दिवसातून दोनदा त्या यंत्राशी वागायचं आहे, तिच्या हाताला ते पोचत नाही, तिच्या डोळ्याला दिसत नाही आणि तिच्या भाषेत बोलत नाही. तरीही ती ते काढून टाकते तेव्हा दोष मात्र तिलाच दिला जातो, याचा मला राग येतो. खरं तर पूर्ण झाकणच बटण करायला हवं. झाडूच्या दांड्यानं कुठंही ढोसलं तरी दाबलं जाईल असं.

मामा : मग मोबाइलसारखं करा की. हात हलवला की गप्प.

मी : ते करून झालंय. नेस्ट नावाच्या कंपनीनं २०१३ मध्ये तसं यंत्र बाजारात आणलं. खाली उभं राहून हात हलवला की ते शांत व्हायचं. दिसायला सुरेख, माणसाच्या आवाजात बोलणारं. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीनंच त्याची विक्री थांबवली. त्यांच्या लक्षात आलं की खरोखरच आग लागली आणि घाबरलेली माणसं हात हलवत पळाली, तर यंत्र तेही ‘गप्प बस’ असंच समजू शकेल. पुढं ती सोय बंद करून ते पुन्हा विकायला काढलं. वापरायला सोपं करताना किती सोपं करायचं, याची ही सीमा आहे. गप्प करणं सोपं हवं, पण चुकून गप्प होणं शक्य नको.

मामा : मग दांडकंच बरं. दांडकं चुकून लागत नाही.

पुढचा आक्षेप मामांनी पुस्तिका वाचून काढला. चष्मा लावून ते एकेक ओळ बघत होते आणि एका आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. अशा बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकांत, विशेषतः अमेरिकी मानकांवर बेतलेल्या, लिहिलेलं असतं की सुमारे ४ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानाच्या जागेतच लावा.

मामा : मे महिन्यात परभणीत सावलीत ४३-४४ असतं. पत्र्याखाली किती असंल? दुपारी हात वर करून बघ. म्हणजे तुझ्या यंत्राला आमचा उन्हाळाच मान्य नाही.

मी : मान्य करावा लागेल. आणि तापलेल्या पत्र्याची अजून एक अडचण आहे. पत्र्याला चिकटून गरम हवेचा थर साचतो. सुरुवातीचा धूर थंड असतो, धुमसणाऱ्या आगीचा तर फारच. तो त्या थराच्या खालीच तरंगत राहतो आणि वर छताला लावलेल्या यंत्रापर्यंत जातच नाही. म्हणून पत्र्याच्या घरात ते छताला लावायचं नाही. आतल्या भिंतीवर, छतापासून वीतभर खाली लावायचं. हे पुस्तिकेत असतं, पण बारीक अक्षरात शेवटच्या पानावर. खोक्यावरचं चित्र मात्र सपाट स्लॅबचं.

मामा : म्हणजे ज्यानं चित्र काढलं त्यानं पत्रा बघितला नाही.

मी : एका ठिकाणी बघितला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ खायेलित्शा नावाची पत्र्या-लाकडाच्या घरांची मोठी वस्ती आहे. २०१३ च्या पहिल्याच दिवशी तिथं आग लागली आणि हजारो लोक बेघर झाले. त्यानंतर केपटाऊनच्या विद्यापीठातल्या तरुणांनी लुमकानी नावाचं यंत्र केलं. त्यांनी धुराचा नादच सोडला. तिथं घरात रॉकेलचा स्टोव्ह, धूर रोजचाच. म्हणून त्यांनी तापमान किती झपाट्यानं चढतंय ते मोजायचं ठरवलं. उन्हानं पत्रा हळूहळू तापतो, आगीनं एकदम. आणि एका घरातलं यंत्र वाजलं की रेडिओच्या लहरींवरून आसपासच्या घरांतली यंत्रंही वाजतात.

मामा पहिल्यांदाच पुढं सरकून बसले.

मामा : हे कामाचं आहे. इथं बंब यायचा तर गंगाखेडहून, नाहीतर परभणीहून. तोवर शेजारीच बंब असतात. शेजाऱ्याला कळलं तरच घर वाचतं. तू मला हे आणून द्यायला पाहिजे होतंस.

मी : स्वयंपाकघरासाठी हो. पण जिन्यावर नाही, आणि कापसाच्या खोलीत तर मुळीच नाही.

इथं राणीसावरगावची, खरं तर सगळ्या कापूसपट्ट्याची एक गोष्ट सांगायला हवी. वेचणी झाली की भाव वाढायची वाट बघत शेतकरी कापूस घरातच ठेवतो. समोरच्या खोलीत, कधी झोपायच्या खोलीत, छतापर्यंत ढीग. कापसात ठिणगी पडली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. ढिगाच्या आत आग वाट काढत राहते, तासन् तास धुमसते, आणि धूर मात्र निघत असतो. तापमान एकदम चढेल तोवर खोलीतला माणूस बेशुद्ध झालेला असू शकतो, कारण धुमसणाऱ्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला वासानं जाग येईल यावर तसाही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून चुलीजवळ उष्णतेचं यंत्र आणि कापसाजवळ व जिन्यावर धुराचं, असा माझा आग्रह होता. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला जवळपास हीच रचना सक्तीची आहे. बैठकीत आणि प्रत्येक मजल्याच्या जिन्याशी धुराचं, स्वयंपाकघरात उष्णतेचं, आणि सगळी एकमेकांना जोडलेली.

मामा : आपल्याकडं सक्ती नाही?

मी : महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक अधिनियम २००६ चा आहे. इमारतीच्या मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. पण त्याचा रोख उंच इमारती, दवाखाने, मॉल यांच्यावर. तुमच्या दुमजली घराला कुणी विचारायला येत नाही. छावणीतलं घरही खाली दुकान, वर बिऱ्हाड असंच होतं.

मामा : ठीक आहे. आता आवाजाचं बोल. आईला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. दारावर थाप मारली की मात्र लगेच उठून बसती. हे वाजलेलं तिला कळंल का?

आजी ऐंशीच्या पुढं आहे आणि मामांनी न शिकता नेमकं निदान केलं होतं. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बहुतेक डिटेक्टर ३१०० हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. तीन मीटरवर ८५ डेसिबल असला तरी तो आवाज आजीपर्यंत पोचेलच असं नाही. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना जास्त भरवशानं जागं करतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. मुलांचा प्रश्न आणखी बिकट. अमेरिकेत कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये २४ मुलांवर प्रयोग केला. नेहमीच्या भोंग्यानं १४ जण उठले. आईच्या आवाजात, नाव घेऊन, उठ म्हणून सांगितल्यावर २३ उठले, आणि तेही कितीतरी लवकर.

मामी : आईचाच आवाज भरून ठेवता येतो का यात?

मी : येतो, करता येतो. चिप महाग नाही. मला यंत्रानं मराठीत बोलायला हवंय : ‘दुकानात धूर आहे. जिन्यानं उतरू नका.’

मामा : आणि रात्री दोन वाजता कुठल्यातरी कोपऱ्यात चिवचिव करतं ते? लॉजवर तेही ऐकलंय. कुठून वाजतंय तेच कळत नाही.

ती बॅटरी उतरल्याची खूण. दर मिनिटाला एकदा. ती पहाटेच का सुरू होते हे मामांना सांगावं लागलं नाही. गारठ्यात सेल बसतो, दुपारी परत उभा राहतो. मध्यरात्रीच्या चिवचिवीला कंटाळूनच कितीतरी घरांत बॅटरी निघते आणि परत बसत नाही. यावर उपाय आहे : दहा वर्षं चालणारी, आत सील केलेली लिथियमची बॅटरी. दहा वर्षांनी पूर्ण यंत्रच बदलायचं, कारण तोवर आतला डोळाही मंदावलेला असतो. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं हे लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणतात. मामींनी ते तिथल्या तिथं सोडवलं. ‘अमावास्येला मी जळमटं काढते. तेव्हाच दांड्यानं दाबीन.’

मामा : हे सगळं झालं. पण माझं मूळ म्हणणं अजून तसंच आहे. आग लागल्यावर ओरडणाऱ्या वस्तूवर पैसे घालण्यापेक्षा आग लागू नये म्हणून घाला. आपल्या गावात किती घरांत फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातलीय, ये तुला दाखवतो. अर्थिंग नाही. लिकेज ब्रेकर नाही. एका बोर्डावर तीन पिना. चार्जिंगला लावलेली गाडी जिन्याच्या तोंडाशी. आधी हे नीट करा.

मी : करायलाच हवं. पण मामा, तुम्हीच सांगा, होल्डरमधला स्क्रू ढिला झाला आणि सांधा तापायला लागला, तर तुमचा ब्रेकर पडतो?

ते बराच वेळ बोलले नाहीत. वायरमनला हे ठाऊक असतं. ढिल्या सांध्यातून ठरल्यापेक्षा जास्त करंट जात नाही, म्हणून ब्रेकरला काही कळत नाही. सांधा मात्र लाल होतो, प्लास्टिक वितळतं आणि पहिली खबर धूरच देतो.

मामा : नाही पडत. मान्य. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. भोंगा वाजला. आई उठली, पोरं उठली. खाली दुकानात धूर. जिना दुकानातून. वरच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल, चोरांसाठी मीच बसवून घेतलेली. उतरायचं कुठून?

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि हे डिझाइन करणाऱ्या आम्हा सगळ्यांना सांगायला हवं असं मला वाटतं. आम्ही यंत्राच्या कडेपर्यंत विचार करतो. जागं झालेला माणूस पुढं काय करणार, हा प्रश्न आम्ही घरावर सोपवतो, आणि घर असं बांधलेलं असतं. अशा घरात यंत्र जी दोन-चार मिनिटं मिळवून देतं, ती ग्रिलला धरून ओरडण्यात गेली तर काय उपयोग?

मामांनी टेप काढली आणि रस्त्याकडच्या खिडकीचं माप घेतलं. ग्रिलच्या एका भागाला बिजागरी, आतून कडी, कुलूप नाही. कुलूप लावलं तर किल्ली कुठं ठेवायची यावर मामा-मामींचं वाजलं, आणि शेवटी कुलूप नकोच यावर दोघं आले. आजी बसून सरकू शकेल एवढी जागा, आणि बाहेर दुकानाच्या छज्ज्यावर पाय टेकेल असं. वेल्डर ओळखीचा आहे. हे काम ते करणार आहेत.

डिटेक्टरचं मात्र ठरलेलं नाही. मामांचं म्हणणं, डबी निघत नाही, बटण दिसत नाही, आवाज आईला ऐकू येणार नाही आणि उन्हाळा त्याला झेपत नाही, तर हे लावून मी घरच्यांना खोटा धीर का देऊ? तू चांगलं बनवून आण, मी ते गावभर लावीन. माझं म्हणणं, चांगलं बनायला दोन वर्षं लागतील आणि पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत राणीसावरगाव ३८ अंशांच्या खाली असतं. आजीला ऐकू आलं नाही तरी मामींना येईल. जिन्याच्या वरच्या टोकाला, पत्र्यापासून वीतभर खाली, आतल्या भिंतीवर दोन स्क्रूंचं काम आहे. कापूस आता घरात यायला लागला आहे, म्हणून मी रोज फोन करून हेच सांगते आहे.